नो-गो

उद्यमनगरात सतरा वर्षं मी बुशांची भोकं तपासली.
गेजची गो बाजू आत जायला हवी,
नो-गो बाजू अडायला हवी.
बस्स. यात मत नसतं.
मालक मगदूम एकदा म्हणाले, बाई, आज गाडी भरायचीय,
जरा सैल धरा.
मी म्हटलं, हात सैल धरीन मालक,
भोक लहान व्हायचं नाही.
ते हसले. ट्रे परत गेला.

मग तो ताप आला, चार दिवसांचा.
ताप गेला, मी परत आले नाही.
सातव्या पायरीवर बसायची सवय लागली.
केस विंचरले की दुपार संपायची.
रक्त नॉर्मल, थायरॉईड नॉर्मल, फोटो नॉर्मल.
एका डॉक्टरनं विचारलं, घरी काही टेन्शन?
दुसऱ्यानं ते नवऱ्यालाच विचारलं.
जाऊबाई म्हणाल्या, आम्हीपण लई दमतो की गं.

म्हणून अभ्यासाचं कळलं तेव्हा रिक्षा करून गेले,
टाकाळ्यावर, दुसरा मजला, लिफ्ट बंद.
संमतीपत्र आठ पानी. सहभागी क्रमांक एकेचाळीस.
शंभरपैकी साठच्या खाली तो आजारी.
मी अठ्ठावन्न.
कुणीतरी पहिल्यांदा माझं माप घेतलं होतं.
खोटं कशाला सांगू, मला आनंदानं रडू आलं.

रोज थोडं जास्त चाला, म्हणाले.
रंकाळ्याच्या कडेनं चालले,
दोनशे पावलं, मग तीनशे,
सहाव्या आठवड्यात कट्ट्यापाशी खालीच बसले.
शेंगावाल्यानं पाणी दिलं.
पुढचे तीन दिवस अंधारात, डोळ्यांवर ओला पंचा.
फॉर्मवर दोन रकाने होते:
व्यायाम केला, व्यायाम केला नाही.
पडले, याला रकाना नव्हता.

शेवटचा फॉर्म: छप्पन्न.

वर्षानं अहवाल आला.
डॉक्टर नेजदारांना शाल, श्रीफळ, पेपरात चौकट.
एकशेवीसांत त्रेचाळीस पूर्ण बरे.
त्यांत मी.
जॉब कापून झाल्यावर कुणीतरी ड्रॉइंग बदललं होतं:
पंचावन्नच्या वर तो बरा.
अठ्ठावन्नला आजारी,
छप्पन्नला बरी.
मी वहीत तीनदा मांडून पाहिलं.
विम्याच्या साहेबांनी तोच अहवाल माझ्यापुढे सरकवला:
बाई, उपाय आहे यावर. तुम्हीच मनावर घेत नाही.

अर्ज केला. उत्तर आलं,
सहभागींच्या गोपनीयतेसाठी आकडे देता येत नाहीत.
म्हणजे माझ्यापासून माझीच राखण.
दुसऱ्या अर्जाला उत्तर,
आपण संशोधकांना त्रास देत आहात.
मी. जिला पाकीट चिकटवून झाल्यावर
संध्याकाळपर्यंत आडवं व्हावं लागलं.

तिथली फिजिओ, नमिता शिरगुप्पे, एकदा फोनवर म्हणाली,
मावशी, मी लिहिलं होतं तुम्ही पडल्याचं.
पेन्सिलीनं. समासात.
मग बराच वेळ नुसत्या तिच्या कुकरच्या शिट्ट्या.

डॉक्टर, तुम्ही वाईट आहात असं मी म्हणत नाही.
गाडी भरायची असेल.
वरून कुणी म्हटलं असेल, जरा सैल धरा.
पण आमच्यात नापास जॉबला लाल ठिपका देतात,
वेगळ्या ट्रेत ठेवतात,
कार्डावर तारीख, कारण, तपासणाऱ्याची सही.
माझी कार्डं अजून त्या कपाटात असतील,
तेलानं पिवळी. कुणीही काढून बघावीत.
दोन ठिकाणी माझं चुकलंय, तेही तिथंच आहे, माझ्याच अक्षरात.

निरोपाला मगदूमांनी एक जुना गेज दिला,
कॅलिब्रेशनची मुदत संपलेला.
तो उशाशी असतो.
दुखऱ्या रात्री कपाळाला लावते, गार लागतो.
बरं वाटतं ते तेवढंच,
आणि ते कुठल्या फॉर्मात धरू नका.

मला बरं करा, असं आता मागत नाही.
एकेचाळीसवर ठिपका द्या.
खाली सही करा,
वाचता येईल अशी.